आमचे दातवाले भासरे

आमच्या भासऱ्यांना माझा चेहरा कधी ओळखू आला नाही. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंतचा भाग मात्र तोंडपाठ होता. एकदा गोंदियाच्या बाजारात मी समोरून आले, डोक्यावर पदर, हातात पिशवी, तर कोणी परकी बाई समजून ते बाजूला झाले. वांगेवालीशी घासाघीस करायला मी तोंड उघडलं मात्र, मागून आवाज आला, "अरे, हे तर आपले दात!" माझे नव्हेत, बरं का. आपले. वांगेवाली वजन करायचं विसरून माझ्याकडे बघत राहिली.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आता हे नातं नुसतं पत्रिकेत छापण्यापुरतं उरलं आहे, म्हणून सांगून ठेवते. आमच्या घरात तेव्हा सून भासऱ्यासमोर उभीसुद्धा राहत नसे. धाकट्या दिराशी थट्टामस्करी चाले, पण भासरे अंगणात शिरले की सून मागच्या दाराने परसात. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना तोंड दाखवायचं नाही, आपली सावलीसुद्धा त्यांच्या अंगावर पडू द्यायची नाही. आणि माझ्या नशिबी भासरा आला तो दातांचा डॉक्टर! तोही साधा नाही. दात सरळ करणारा.

त्यांचं शिक्षण कलकत्त्याला झालं. देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे ते परत आले आणि घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटून बसले. घर मूळचं कामठ्याचं, धानाची शेती. सासऱ्यांनी गोंदियात धान-तांदळाचा धंदा काढला म्हणून बिऱ्हाड इथे. सासऱ्यांचा हिशेब सरळ होता. पोरगा दात उपटेल, गिरणीचे हमाल, विड्या वळणाऱ्या बाया, रेल्वेची माणसं रांगा लावतील. रांगा लागल्याही. गाल सुजलेली माणसं जबडा धरून यायची आणि म्हणायची, "डाक्टर साहब, निकाल दो."

"कायकू निकालना?" हे विचारायचे. "सड़ा है, उसको भरके देता. और बाजूवाला टेढ़ा है, उसको सीधा करता. दो साल लगेंगे."

दात ठणकणाऱ्या माणसाला दोन साल! तो उठायचा आणि तडक बाजारात ओट्यावर सांडशी घेऊन बसणाऱ्या बुवाकडे जायचा. थोड्या वेळाने मोकळा होऊन परतायचा आणि जाता जाता मुद्दाम आमच्या दारासमोर थुंकायचा.

दवाखान्याच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती. "येथे दात उपटले जात नाहीत." त्याच्याखाली तेच हिंदीत. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, "वाकडे दात सरळ करून मिळतील. घाई असणाऱ्यांनी येऊ नये." आता मला सांगा, दुकानाच्या पाटीवर असं कोणी लिहितं का?

दात सरळ करतात म्हणजे काय करतात, हे कोणी विचारलं की स्वारी खुलायची. मग जेवणाचं ताट निवलं तरी पर्वा नाही. "रोवणा करता ना तुमी?" असं सुरू व्हायचं. रोवणा म्हणजे धानाची लावणी, बांधी म्हणजे बांध घातलेलं शेत, पऱ्हे म्हणजे रोपं. "बांधी लहान आन पऱ्हे जास्त, तर काय होते? एकमेकाले ढकलून ढकलून वाकडे होतात. तोंडाचंही तसंच आहे. बांधी रुंद करावं लागते. हळूहळू, रोज उलसं उलसं. लोकाले वाटते हाड म्हणजे गोटा. हाड ओली माती आहे बापा! दात तिच्यातून चालतो. आपन फक्त मागं तार घेऊन उभं राहाचं, आन धीर धराचा."

हे सगळ्यांना पटायचं. शेतकऱ्याला तर फारच पटायचं. फक्त आपल्या तोंडात ती तार कोणी टिकू देत नसे. टाळूला बसणारी एक गुलाबी प्लेट असायची, तिला पुढून तार. उत्साहाने लोक ती घालून घ्यायचे आणि पहिल्याच सणाला काढून ठेवायचे ते कायमचे. एका मिठाईवाल्याची प्लेट पेढ्यांच्या परातीत सापडली, तीही गिऱ्हाइकाला. त्यानंतर तो मिठाईवाला आमच्या गल्लीतून जाईनासा झाला.

समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं म्हणजे काय, हे भासऱ्यांना ठाऊकच नव्हतं. नजर सदा ओठांवर. लग्नाच्या पंगतीत समोर बसले की समोरची माणसं घास घ्यायला लाजायची. एकदा नात्यात एक म्हातारे वारले म्हणून हे भेटायला गेले. मुलगा गळा काढून रडत होता. हे उठून त्याच्याजवळ गेले, सगळ्यांना वाटलं आता खांद्यावर हात ठेवतील. यांनी मान तिरकी करून त्याच्या तोंडात बघितलं आणि विचारलं, "अक्कलदाढ आडवी येऊन राहिली तुमची. दुखते का?" तो बिचारा रडता रडता "हो" म्हणाला. मग दोघं कोपऱ्यात बसून बराच वेळ दाढेबद्दल बोलले, आणि बाकीच्यांना रडावं की थांबावं ते कळेना.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. मुली दाखवल्या, नाही असं नाही. पण मुलीचे दात सरळ निघाले की यांचा रस संपायचा, आणि वाकडे निघाले की म्हणायचे, "आधी इलाज, मंग लग्न." अशाने कोण पोरगी देणार?

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी फार कमी बोलायचे. धानाच्या पोत्याला नमुना काढायची परखी टोचायची, निघालेले दाणे तळहातावर पसरायचे, बोटाने उलटेपालटे करायचे आणि म्हणायचं, "घेतो." नाहीतर, "नाही." बस्स. अशा माणसाने एक दिवस मोठ्या मुलाला समोर उभं करून आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "किती साल झाले, तू दवाखाना उघडून बसला. एक तोंड सरळ केलं का पुरतं? मले एक तोंड दाखव. जास्त नाही, एक. दोन रोवणे थांबतो. नाही दाखवलं तर दवाखान्याले कुलूप आन तू कामठ्याले, बांधीत."

मामाजी बोलले म्हणजे बोलले, हे सगळ्या घराला ठाऊक. भासऱ्यांना चिखलाची लाज नव्हती हो. शेतीत राबायला ते कधी नाही म्हणाले नसते. पण तो दवाखाना म्हणजे त्यांचा जीव होता. दिवसभर एकही पेशंट आला नाही तरी ते रोज अवजारं उकळून, पुसून, ओळीने मांडून ठेवायचे. माणसाने एखाद्या गोष्टीवर इतकं प्रेम करावं आणि त्या गोष्टीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

तर आता त्यांना असं तोंड पाहिजे होतं, जे मध्येच पळून जाणार नाही. आणि त्याच सुमाराला धाकट्या भावासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, मुली बघणं सुरू झालं.

माझं माहेर दरेकशाचं. डोंगर, जंगल, इवलंसं स्टेशन आणि बाबांची थोडीशी शेती. माझे वरचे चार दात पुढे आलेले, खालचे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. भासरे आणि त्यांचे सख्खे मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, मला बघायला आले. मामांनी रिवाजाप्रमाणे नाव विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. भासऱ्यांची नजर कुठे होती ते मला खाली मान घालूनही कळत होतं. शेवटी ते म्हणाले, "पोरी, जांभई देऊन दाखव."

बाबांच्या हातातला पानाचा डबा खाली पडला. मला असा राग आला म्हणता! गाडीने आला आहेस तर घे बघून, असं मनात म्हणत मी आ वासला, चावायला निघाल्यासारखा. हा माणूस गुडघ्यावर पुढे सरकला, आत पाहिलं, आणि तोंडावर असं काही समाधान पसरलं की देव भेटला असावा. "वा! वा!" म्हणाले, "हीच पाहिजे." आमचे बाबा तिथल्या तिथे रडायला लागले. तोवर येणारे सगळे पाहुणे चहा पिऊन "कळवतो" म्हणून गेले होते.

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पोरगी कशी आहे रे?"

"मस्त. वरचे चार बाहेर, खाली गर्दी. दाढा मजबूत."

"अन् रंग?"

"उलसा पिवळट," भासरे म्हणाले. "पन घासले की निघून जाईल."

सासूबाईंनी मला पाहिलं ते थेट मांडवात. कपाळावर हात मारला तो मी डोळ्यांनी पाहिला.

हा सगळा किस्सा माझ्या नवऱ्यानेच मला सांगितला, लग्नानंतर, मोठ्या कौतुकाने. फार भोळा माणूस. म्हणे, "दादाले किती आनंद झाला होता! म्हणे, पळून जानार नाही अशी केस भेटली." मी चुलीपुढे बसून हमसाहमशी रडले. म्हणजे या घरात मी सून म्हणून आलेच नव्हते. केस म्हणून आले होते! बाबा बिचारे तिकडे सगळ्या गावाला सांगत होते की पोरीला चांगलं घर मिळालं.

पण खोटं कशाला बोलू, मनात लोभही होता. सरळ दात कोणाला नको असतात? नवऱ्याने "करतेस का?" म्हणून विचारलं तेव्हा मी रुसलेलीच होते, तरी मान हलली ती होकाराची.

आता पंचाईत अशी, की भासऱ्याने भावजयीच्या तोंडात हात घालायचा कसा? सासूबाईंनी तर आभाळ डोक्यावर घेतलं. "लोक शेण घालतील तोंडात!" भासरे म्हणाले, "घालू दे, दात त्याच्यानं सरळ होत नाही." दोन दिवस मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी तोड सासूबाईंनीच काढली. दवाखाना आणि माजघर यांच्यामधल्या दारात त्यांनी मामाजींचं जुनं धोतर बांधलं आणि त्याला एक भोक पाडलं. अलीकडे मी, पलीकडे भासरे. भोकातून फक्त माझं तोंड बाहेर. बोट लावायचं नाही, अवजार लावायचं. अवजाराला दोष नाही, असा सासूबाईंचा निकाल. प्लेट मी माझ्या हाताने घालायची, माझ्या हाताने काढायची. आणि बोलणं सगळं सासूबाईंच्या मार्फत.

सासूबाई दाराशी पाट टाकून बसायच्या, बोटाने दातांवर गुडाखू घासत. गुडाखू म्हणजे तंबाखूचं काळं, गोडसर मलम. आमच्याकडच्या बायांचा जीव त्याच्यात. भासरे त्यांच्या डब्या लपवायचे आणि त्या नव्या आणायच्या, हे आयुष्यभर चाललं.

"माय, तिले सांग, तोंड मोठं कर."

"कर व मोठं."

माझ्या तोंडात माप घ्यायचा गरम लगदा कोंबलेला. मी आपली "आं, आं" करते.

"दुखते म्हणते," सासूबाई सांगायच्या.

मी म्हणत होते, भात लागला! त्या महिन्यात घराने किती करपलेला भात खाल्ला त्याला सुमार नाही.

प्लेटच्या मधोमध एक बारका स्क्रू होता. ठरावीक दिवशी एका चिमुकल्या किल्लीने तो थोडासा फिरवायचा, की प्लेट किंचित रुंद व्हायची आणि दातांना जागा मिळायची. भासऱ्यांच्या भाषेत बांधी वाढायची. मी फिरवताना चूक करीन म्हणून ही किल्ली त्यांनी कोणाच्या हाती द्यावी? सासूबाईंच्या! सुनेच्या तोंडाची किल्ली सासूच्या कनवटीला. अशी सासू जगात दुसरीकडे कुठे झाली असेल तर मला दाखवा.

एकदा रात्रभर माझा जबडा ठणकला. सकाळी धोतरापलीकडून भासरे आत बघून म्हणाले, "माय, तू किल्ली जास्त फिरवली."

"नाही बापा."

"फिरवली. दात सांगून राहिले."

सासूबाईंनी गुडाखूचं बोट तोंडातून काढलं. मग म्हणाल्या, "परवा तिनं भाजीत मीठ केवढं टाकलं होतं, ते नाही सांगून राहिले का तुझे दात?"

पण खरी अडचण आली ती नैवेद्याची. तोंडात वस्तू धरलेली बाई म्हणजे उष्ट्या तोंडाची बाई. तिच्या हातचा नैवेद्य देवाला कसा चालेल? भासरे वाद घालायला बसले. "माय, दातही तोंडातच असतात. स्वयंपाक करताना तू ते काढून ठेवते का?"

"दात देवानं दिले," सासूबाई म्हणाल्या. "हे तुनं दिलं."

शेवटी सणाच्या दिवशी प्लेट बाहेर, असा तह झाला. आणि मग श्रावण आला. रोज काही ना काही. आज सोमवार, उद्या मंगळागौर, मग नागपंचमी, मग आणखी काही. धोतराच्या भोकातून बघता बघता भासऱ्यांचा आवाज चढायचा. "मागं गेलेला दात पुन्हा पुढं आला! हे देव माह्या केसची वाट लावून राहिले!" सासूबाई दोन्ही कान धरून देवाची माफी मागायच्या. देव काही बोलला नाही, पण पहिला रोवणा असाच वाया गेला. मामाजी जेवताना एकदाच म्हणाले, "एक झाला." भासरे अर्ध्या ताटावरून उठले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

मग मी हट्टाला पेटले. सणाला नैवेद्याचं ताट तयार झालं की लगेच चूळ भरून प्लेट आत. झोपतानासुद्धा काढत नसे. बोलताना शब्द बोबडे यायचे, नवरा हसायचा, हसू दे. वरचे चार हळूहळू मागे सरकत होते. रोज जिभेने मीच चाचपून बघायची.

आणि नेमकं तेव्हा मी दिवाळीला माहेरी गेले. जेवायला बसताना प्लेट काढून वाटीत ठेवली. आमच्या मायला ती सापडली. गुलाबी टाळू आणि तार! तिची बोबडीच वळली. पोरीचे सासरी हाल होऊन टाळूच खाली पडली असं तिला वाटलं. आता आमच्याकडे दात पडला की तो कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, टाकतात, म्हणजे नवा येतो. तिने आधी डोळे पुसले, मग देवाचं नाव घेतलं, आणि टाळू छपरावर भिरकावली. नवी येईल म्हणून.

मी जेवून हात धुते तर वाटी रिकामी. माय म्हणाली, "घाबरू नको पोरी, कवेलूवर टाकली." मी ओल्या हातानेच बाबांकडे धावले. कोणीतरी गोंदियाला जाणारा गाठून निरोप धाडला. पुढच्याच गाडीने स्वतः भासरे हजर.

मुलीच्या सासरचा मोठा माणूस पहिल्यांदा दारात येतो म्हणजे केवढा मान! बाबा पाय धुवायला तांब्या घेऊन धावले, मायने पाट मांडला, कुंकवाचं ताट आलं. भासरे त्या सगळ्यांच्या मधून सरळ शिडीकडे. बूट काढून छपरावर चढले. खाली निम्मं दरेकसा जमलं. हा माणूस शहराच्या कपड्यात रांगत एकेक कवेलू उचलून खाली बघतो आहे, आणि बाबा खाली तांब्या धरून, "उतरा हो, पाय तरी धुऊ द्या," म्हणत छपराखालून इकडून तिकडे फिरत आहेत. दोन कवेलू फुटले, एक पाय आत गेला, आमच्या चुलीवरच्या भाजीत माती पडली. शेवटी वरून आवाज आला, "भेटली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

खाली उतरून त्यांनी प्लेट थंड पाण्याने धुतली, रुमालाने पुसली, उजेडात धरून पाहिली. आणि आमच्या मायकडे बघून, म्हणजे मायच्या दातांकडे बघून, म्हणाले, "तिले सांगा, आत्ताच्या आत्ता घाल. सकाळपासून बाहेर आहे." चहा घेतला नाही, मान घेतला नाही, परतीच्या गाडीने निघून गेले. जाताना मात्र बाबांना सांगितलं की तुमच्या वरच्या दाताला इलाज पाहिजे, गोंदियाला या. बाबा त्यानंतर माझ्या घरी यायला कायम घाबरायचे.

दुसरा रोवणा आटोपला. कामठ्याहून निरोप आला की बांध्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "दाखव."

भासऱ्यांनी दोन साचे आणले, माझ्या दातांचे, पांढऱ्याशुभ्र मसाल्यात ओतलेले. एक आधीचा, एक आताचा. मामाजींनी साच्याकडे पाहिलंही नाही. "चुना तर तू मले किती सालापासून लावूनच राहिला. खरं तोंड दाखव."

सासूबाई किंचाळल्या. "सासऱ्यानं सुनेचं तोंड पाहाचं? अव माय!"

"म्या सासरा म्हनून नाही पाहात," मामाजी म्हणाले. "व्यापारी म्हनून पाहातो."

मला बाहेर बोलावलं. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि दात दाखवले. मामाजी खुर्चीतून पुढे वाकले, अगदी तळहातावरचे दाणे बघावेत तसं पाहिलं. मागे टेकले. "चांगले आहेत," म्हणाले.

"मंग?" मामाजी पुढे म्हणाले. "याच्यात तुनं काय केलं?"

भासऱ्यांनी आधीचा साचा पुढे केला. "बाबूजी, आधी वाकडे होते! बाहेर आले होते!"

"म्या कुठं पाहिले? सून घरात आली तशी पदराच्या आत. पहिला नमुना पाहिल्याबिगर दुसऱ्याचा भाव कसा करू? हे चुन्याचे तर कोनाचेही असतील."

"म्या पाहिले होते ना," सासूबाई म्हणाल्या. इतके दिवस विरोध करणाऱ्या सासूबाई! "फार वाईट होते."

"तू त्याची माय. तू त्याच्याच बाजूनं बोलशील." माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं, मामाजींनी हातानेच त्याला गप्प केलं. "आपलं ठरलं होतं. दवाखान्याले कुलूप."

मला वाटलं भासरे आता भांडतील. एवढ्यातेवढ्यावरून देवांशी भांडणारा माणूस! पण त्यांनी दोन्ही साचे रुमालात गुंडाळायला घेतले, आधी एक, मग दुसरा, पोराला गुंडाळावं तसे जपून. ते मला बघवेना.

सासऱ्यांपुढे मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते. रिवाजच तसा. पण मी बोलले.

"मामाजी, ते साचे माझेच आहेत. सगळ्यांसमोर सांगते. समोरचे चार असे बाहेर होते का सायासानं ओठ मिटायचे. स्थळं यायची, चहा पिऊन सरकन निघून जायची. माय म्हणे, तोंड मिटून हास. सतरा साल मी तोंड मिटून हासली. माझं सोनं यांनी केलं. शपथ घेऊन सांगते."

सासूबाईंचं गुडाखूचं बोट तोंडातच राहिलं. मामाजी म्हणाले, "आपला माल आधी खराब होता, असं सांगनारा मानूस म्या बाजारात आजवर पाहिला नाही. पोरगी खोटं बोलत नाही." मग उठले, खांद्यावर पंचा टाकला. "राहू दे दवाखाना."

सासूबाई रडायला लागल्या. नवरा हसायला लागला. भासरे रुमाल हातात धरून तसेच उभे होते, आणि हळूच माझ्याकडे वळले. धोतर नाही, भोक नाही, "माय, तिले सांग" नाही. सरळ माझ्याशी बोलणार होते, लग्नानंतर पहिल्यांदा. आता हा माणूस दोन गोड शब्द बोलणार म्हणून मी आधीच पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"तुझा 'स' बरोबर येऊन नाही राहिला," ते म्हणाले. "जीभ दाताच्या मधातून बाहेर येते. अशीच ढकलत राहिली तर चारही पुन्हा पुढं येतील. प्लेट अजून एक रोवणा घालावं लागते."

एवढा जीव मुठीत धरून मी बोलले, आणि या माणसाने त्यातला फक्त 'स' ऐकला होता! आधी मला संताप आला, मग हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. पदर डोक्यावरून घसरला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सासूबाई ओरडल्या, "अव, पदर घे! सासऱ्यासमोर अशी हासते काय?"

"थांब माय," भासरे पुढे वाकून म्हणाले. "हासू दे तिले. मागच्या दाढाही दिसून राहिल्या."